ब्रह्मगिरीची माकडं डावरी असतात का?

गोदाकाठचा_बाबा | रविवार, रात्री ९.५०

आज त्र्यंबकला जाऊन आलो. आई, बायको, मी आणि पाचवीतली लेक. आईच्या गुडघ्यांमुळे ब्रह्मगिरीच्या माथ्यावर जायचा बेत नव्हताच, गंगाद्वारापर्यंत पोचलो तेच खूप.

लेक डावरी आहे. लिहिणं, चमचा, बॅडमिंटन, सगळं डाव्या हातानं. आम्हा दोघांना त्याचं काही वाटत नाही. आईला मात्र जेवताना ते बघवत नाही. पान वाढलं की 'अगं, उजवा' हे ठरलेलं. लेक दोन घास उजव्या हातानं खाते आणि तिसऱ्याला विसरते.

तर पायऱ्यांवर टेकलो होतो. लेकीच्या डाव्या हातात फुटाण्यांची पुडी. कान फाटलेली एक माकडीण कठड्यावरून उतरली, घाई नाही की गुरगुर नाही, लेकीच्या अगदी समोर बसली आणि डावा हात पुढे करून पुडी काढून घेतली. जणू तिचीच होती, आम्ही फक्त सांभाळत होतो. मग परत कठड्यावर, पुडी छातीशी, आणि डाव्या हातानं एकेक फुटाणा. आई म्हणाली, "बघ. माकडं खातात डाव्या हातानं. म्हणून सांगते."

लेक रडली नाही, भांडली नाही. सॅकमधून वही काढली. आई पाय चोळत बसली होती, त्यामुळे तासभर आम्ही तिथेच. येणारे-जाणारे कुरमुरे, काकडीची सालं टाकत होते आणि ही, माकडानं कुठल्या हातानं उचललं त्याची प्रत्येक वेळी रेघ मारत होती. एकूण ६४ रेघा. डावा ४१, उजवा २३.

परतताना अंजनेरीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग मागून प्रश्न आला, "बाबा, आजीचं बरोबर आहे का?"

मी सातपूरला कारखान्यात. मला नटबोल्टचे उजवे-डावे आटे कळतात, माकडांचे नाहीत. जाणकारांनी सांगावं.

मिसळीतला_रस्सा | रविवार, रात्री ९.५८

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माकडांपासून लांब.

पंचवटीची_पोर | रविवार, रात्री १०.२०

इथे अजून एक डावरी, वय ४६. चौथीत बाईंनी माझ्या डाव्या मनगटाला रुमाल बांधून तो बाकाच्या दांडीला अडकवला होता. शाळेचं नाव घेत नाही, बाई आता हयात नाहीत. परिणाम एवढाच की माझं अक्षर दोन्ही हातांनी सारखंच घाणेरडं येतं.

भाषाच आपल्या विरुद्ध आहे हो. सरस ठरलं की 'उजवं'. मुलीचं लग्न लावलं की 'उजवली'. भेदभाव केला की 'डावं-उजवं'. आपल्या वाट्याला जरा बरा आला तो 'डाव्या हातचा मळ', आणि तोही उजव्यांनी स्वतःची फुशारकी मारण्यासाठी काढलेला.

मुलीला सांगा, सचिन बॅट उजवीकडून धरायचा पण सही डाव्या हातानं करतो. गांगुलीचं नेमकं उलटं, बॅटिंग डावी आणि बाकी सगळं उजवं. आजींना क्रिकेट आवडतं का?

मज्जातंतू | रविवार, रात्री ११.०५

शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून थोडा घुसतो. उत्तर देण्याआधी मुलीला एक विचारा: ६४ रेघा ठीक, पण माकडं किती होती? आणि त्यातल्या किती रेघा त्या कानफाटीच्या?

गोदाकाठचा_बाबा | सोमवार, सकाळी ७.१५

डॉक्टरसाहेब, पोरीनं खरोखरच वेगळी खूण केली होती! कानफाटीच्या रेघांपुढे तिनं बारीक 'क' लिहिलाय. कानफाटीच्या एकूण ३०. त्यातल्या डाव्या २९.

मज्जातंतू | सोमवार, सकाळी ७.४०

मग ती रकान्यातून काढा आणि उरलेलं बघा. ३४ रेघा राहतात. डाव्या १२, उजव्या २२.

आजींचा सिद्धांत एका माकडिणीवर उभा होता. तिला बाजूला केलं की टोळी उजवीकडे झुकलेली दिसते. पण तेही लगेच खरं धरू नका, कारण उरलेल्यांतही एखादा खादाड असेल ज्याच्या दहा-बारा रेघा असतील.

या विषयातली ही सगळ्यात जुनी ठेच. नाणं ६४ वेळा उडवलं तर ४१ किंवा त्याहून जास्त वेळा एकच बाजू पडणं शंभरात तीनेक वेळाच घडतं, त्यामुळे आकडा भारदस्त वाटतो. पण नाण्याची प्रत्येक फेक स्वतंत्र असते. माकड एका जागी बसून डाव्या हातानं सलग वीस कुरमुरे उचलतं तेव्हा त्या वीस फेका नसतात, एकच असते, फार तर दोन. म्हणून मोजणारे लोक एक सलग खाणं म्हणजे एक नोंद धरतात. मधे उठलं, चार पायांवर चाललं, परत बसलं, तर नवी नोंद. मग प्रत्येक माकडाचा वेगळा निर्देशांक काढतात: उजव्यातून डावे वजा, भागिले एकूण. पूर्ण उजवं +१, पूर्ण डावं −१. कानफाटीचा कच्चा आकडा −०.९३ येतो. म्हणजे ती स्वतः पक्की डावरी दिसते, यात वाद नाही.

त्र्यंबकचा_भाचा | सोमवार, दुपारी १.१०

आमचं घर कुशावर्ताच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे या मंडळींशी रोजची गाठ. एक सांगू? भाविक पिशवी, प्रसाद, पाण्याची बाटली बहुतेक उजव्या हातात धरतात. माकड समोरून येतं. तुमचा उजवा म्हणजे त्याची डावी बाजू. मग ते जवळचा हात घालणार की नाही? मी तर म्हणतो, पायऱ्यांवर बसून हिसकाहिसकी मोजली तर माकडांची नाही, भाविकांची मोजणी होते.

अवांतर: आमच्याकडे नारायण नागबळी, श्राद्धं चालतात तिथे दिवसातून शंभरदा 'सव्य करा, अपसव्य करा' ऐकू येतं. जानवं डाव्या खांद्यावर म्हणजे सव्य, पितरांसाठी उजव्यावर घेतलं की अपसव्य. आणि 'सव्य'चा संस्कृतात मूळ अर्थ डावं! अर्जुन सव्यसाची, कारण डाव्या हातानंही बाण सोडायचा. म्हणजे नेहमीचं शुभ जानवं डाव्या खांद्यावर, आणि डाव्या हातानं जेवलं की अशुभ.

मज्जातंतू | सोमवार, दुपारी १.३५

त्र्यंबकचा_भाचा, दंडवत घ्या. हे वर्गात सांगणार.

आणि लक्षात घ्या, यामुळे कानफाटीची केस अजून भक्कम होते. पुडी मुलीच्या डाव्या हातात होती, म्हणजे समोर बसलेल्या माकडिणीच्या उजव्या बाजूला. तरीही तिनं डावा हात आडवा टाकून घेतली. जवळचा हात सोडून लांबचा वापरला. अशी एक नोंद वीस कुरमुऱ्यांहून मोलाची.

पक्षीवेडा_नांदूर | सोमवार, सायंकाळी ६.००

दोन गोष्टी.

एक, वानर आणि माकड यांची गल्लत नको. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, पानं खाणारं ते वानर. तुम्ही सांगताय ती लाल-गुलाबी तोंडाची माकडं. त्यातही महाराष्ट्रात दोन आहेत. दक्षिणेकडचं टोपीमाकड म्हणजे बॉनेट मकाक, ज्याच्या डोक्यावर केसांची टोपी आणि शेपूट अंगाहून लांब. उत्तरेकडचं रीसस, शेपूट आखूड, ढुंगण लालभडक. दोघांची सीमा आपल्या राज्याच्या आसपासच फिरते आणि रीसस हळूहळू दक्षिणेला सरकतंय. फोटो टाका, सांगतो.

दोन, खायला घालणं बंद करा. प्रयोगासाठीसुद्धा नको. हिसकावण्याची सवय आपणच लावतो आणि मग चावलं की माकडांच्या नावानं शंख.

गोदाकाठचा_बाबा | सोमवार, रात्री ८.३०

फोटो एकच आहे, बायकोनं काढलेला. त्यात लेकीचा चेहरा, पुडी, कानफाटीचा हात, सगळं आहे. शेपूट फ्रेमबाहेर.

पक्षीवेडा_नांदूर | सोमवार, रात्री ८.४१

धन्य.

बाग_दिंडोरी | सोमवार, रात्री ९.१५

आमच्या द्राक्षबागेत माकडं येतात, पण त्यांचा हात बघायला कोण थांबतंय, आम्ही फटाका लावतो. माणसांचं सांगतो. विरळणीच्या वेळी घडातले मणी कात्रीनं काढायचे असतात, बाया दिवसभर मान वर करून उभ्या. आमच्याकडच्या टोळीत एक डावरी होती. कात्री तीच, पण तिच्या हातात बोथट झाल्यासारखी चालायची. नंतर कळलं, साध्या कात्रीची पाती उजव्या अंगठ्याच्या दाबानं एकमेकींवर घासतात, डाव्या हातात धरली की तोच दाब पाती लांब करतो. शिवाय वरचं पातं नेमकं कापायची जागा झाकतं. बाई म्हणायची, मणी दिसत नाही, अंदाजानं कापते. आम्ही वर्षभर तिला हळू समजत होतो. पुण्याहून डावी कात्री आणून दिली, मग ती ओळीत सगळ्यांच्या पुढे.

तर माझा प्रश्न: माणसात दहातला एक डावरा म्हणतात. माकडात कात्री नाही, शाळा नाही, आजी नाही. मग निम्मी-निम्मी असायला हवीत ना?

मज्जातंतू | सोमवार, रात्री १०.३०

बाग_दिंडोरी, प्रश्न अचूक ठिकाणी घातलात. आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी रचना. उजवा हात मेंदूच्या डाव्या भागाच्या ताब्यात आणि डावा उजव्या भागाच्या. मेंदूतून निघालेल्या बहुतेक तारा मेंदूच्या देठाशी, मानेच्या थोडं वर, एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात. माकडातही तसंच. त्यामुळे 'कुठला हात' हा प्रश्न खरं तर 'मेंदूची कुठली बाजू' असा आहे.

माणसात डावऱ्यांचं प्रमाण साधारण १०.६ टक्के. २०२० साली वीसेक लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून काढलेला आकडा आहे. माकडांबद्दल मात्र १९८० च्या सुमारास जाणत्यांचं मत तुमच्यासारखंच होतं: प्रत्येक माकडाला आपापला हात असतो, पण टोळीला हात नसतो. निम्मी इकडे, निम्मी तिकडे.

१९८७ मध्ये मॅकनीलेज आणि दोन सहकाऱ्यांनी यात खडा टाकला. जुनी, झाडावर राहणारी छोटी प्रायमेट्स (माणूस-माकडांच्या कुळातली जनावरं) एका हातानं फांदी धरून दुसऱ्यानं भक्ष्य झडपतात. त्यांचं म्हणणं, डावा हात झडपायला आणि उजवा लटकायला, अशी वाटणी आधी झाली. पुढे काही जाती जमिनीवर आल्या, लटकायचं काम संपलं, आणि रिकामा झालेला बळकट उजवा हात सोलायला, फोडायला, हाताळायला लागला. कल्पना सुरेख आहे. निदान वाद घालण्यासारखं काहीतरी मिळालं, त्याआधी सगळे नुसते कुरमुरे मोजत होते.

मग लक्षात आलं की कुरमुरा उचलणं ही हाताची परीक्षाच नव्हे. ते कुठल्याही हातानं जमतं. तुम्हीसुद्धा जमिनीवर पडलेली किल्ली ज्या बाजूला असेल त्या हातानं उचलता. दोन्ही हातांना वेगवेगळं काम दिलं की आवड उघडी पडते. म्हणून विल्यम हॉपकिन्स यांनी चिंपांझींसाठी साधी युक्ती काढली: प्लॅस्टिकच्या नळीत शेंगदाण्याचं बटर भरायचं. एका हातानं नळी धरायची, दुसऱ्याच्या बोटानं कोरून खायचं. कोरणारा हात तो खरा हात. त्यात चिंपांझी उजवे निघाले, साधारण दोनास एक या प्रमाणात. आपल्या नवास एकच्या जवळपासही नाही, पण निम्मे-निम्मेही नाहीत.

पुढे हीच नळी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत फिरली. २०२२ मध्ये ३८ जातींचे निकाल एकत्र छापले गेले. एक-एकटं जनावर घेतलं तर आवड बहुतेकांना असते. पण अख्ख्या जातीचा कल थोड्याच जातींत दिसतो आणि तो दर वेळी उजवाच असतो असंही नाही, चीनमधली नकटी सोनेरी माकडं डावी आहेत. माणसाइतका एकतर्फी कल मात्र दुसऱ्या कुणातच नाही. आणखी एक, जमिनीवर वावरणाऱ्या जातींत हाताची आवड झाडावरच्यांपेक्षा मवाळ निघाली.

तेव्हा विचित्र कोण, तर आपण. माकडं निम्मी-निम्मी का, हा प्रश्न मला फारसा छळत नाही. दहातले नऊ माणसं एकाच हाताची कशी झाली, हा छळतो.

मिसळीतला_रस्सा | सोमवार, रात्री १०.४४

नळीत श्रीखंड भरून आमच्यावरच प्रयोग करावा.

सहमत_नाही | मंगळवार, सकाळी ९.०५

लेख चांगला, पण साधी गोष्ट अवघड केली आहे. भाषा डाव्या मेंदूत असते. माणूस बोलायला लागला, डावा मेंदू मोठा झाला, म्हणून उजवा हात पुढे आला. माकडाला भाषा नाही, म्हणून त्याचे दोन्ही मेंदू सारखे आणि हातही सारखे. संपला विषय. आणि डावरे लोक उजव्या मेंदूचे म्हणून कलाकार असतात, हेही सिद्ध झालेले आहे. मुलीला चित्रकलेचा क्लास लावा.

पंचवटीची_पोर | मंगळवार, सकाळी ९.३०

माझी चित्रं बघितलीत तर हे विधान मागे घ्याल.

मज्जातंतू | मंगळवार, रात्री ९.२०

सहमत_नाही, तुमच्या पहिल्या वाक्याशी सहमत. पुढच्यांची तपासणी करू.

१८६१ मध्ये पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाचा मेंदू पाहिला. त्याला 'टॅन' याखेरीज शब्द फुटत नसे, आणि इजा डाव्या पुढच्या भागात होती. तेव्हापासून भाषा डावीकडे हे खरं. पण डावऱ्या माणसांची भाषा उजवीकडे असायला हवी ना, तुमच्या हिशेबानं? तशी ती नसते. डावऱ्यांपैकीही बहुतेकांची, साधारण दहातल्या सातांची, भाषा डावीकडेच. हात बदलला, भाषा जागची हलली नाही. म्हणजे दोघांना बांधणारी दोरी तुम्ही समजता तितकी आखूड नाही.

आता 'माकडाचे दोन्ही मेंदू सारखे' हे. माणसात कानामागच्या भागात प्लॅनम टेम्पोराले नावाचा एक त्रिकोणी पट्टा आहे, बोलणं समजण्याशी संबंधित. १९६८ मध्ये गेश्विंड आणि लेवित्स्की यांनी १०० मेंदू कापून तो मोजला. ६५ मेंदूंत डावीकडचा मोठा, फक्त ११ मध्ये उजवीकडचा. तीस वर्षं हा माणसाच्या भाषेचा शिक्का मानला गेला. १९९८ मध्ये कुणीतरी चिंपांझीत मोजून पाहिला: १८ पैकी १७ मध्ये डावा मोठा. पुढे फ्रान्समधल्या संशोधकांनी बबून माकडांचे एमआरआय काढले, त्यांच्यातही कल डावीकडेच. नुकत्याच जन्मलेल्या बबून पिल्लांतसुद्धा तो दिसला. त्यांना ना भाषा, ना शाळा. पट्टा तिरपा आधीपासूनच, बोलणं नंतर येऊन तिथे राहायला लागलं.

आणि काम? १९७८ चा एक प्रयोग माझा आवडता. जपानी माकडांना त्यांच्याच जातीची 'कू' अशी हाक एकेका कानात ऐकवली. उजव्या कानातली, म्हणजे मुख्यतः डाव्या मेंदूकडे जाणारी, त्यांनी जास्त चांगली ओळखली. पाचपैकी पाच माकडांनी. दुसऱ्या जातीच्या पाच माकडांना तोच आवाज दिला तर एकातच तसं दिसलं, बाकीच्यांना तो नुसता आवाज होता. उलट माकडांचे चेहरे ओळखण्यात रीससचा उजवा मेंदू सरस निघाला, हे १९८८ मध्ये मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांना जोडणारा पूल कापलेल्या माकडांवर पाहिलं गेलं. कापाकापीचं मला समर्थन करायचं नाही, निकाल तेवढा सांगतो.

माकडालाही कामाची डावी-उजवी वाटणी आहे. फक्त ती हातात उतरत नाही, निदान टोळीभर एकसारखी तरी नाही. बबूनमध्ये एक गंमत आहे. ते खाताना जितके उजवे नसतात त्याहून जास्त उजवे इशारा करताना असतात. धमकावायला जमिनीवर हात आपटतात तो. म्हणजे हात आणि बोलणं यांचा संबंध असलाच तर तो खाण्याच्या हाताशी नसून हातवाऱ्यांशी असावा, असा तिथल्या लोकांचा कयास आहे. मला पटतो.

'उजवा मेंदू कलाकार' हे राहू द्या. चित्रकलेचा क्लास मुलीला आवडत असेल तर लावा.

सहमत_नाही | मंगळवार, रात्री १०.०१

भाषेचा मुद्दा मान्य. नाव बदलणार नाही.

बाग_दिंडोरी | मंगळवार, रात्री १०.१०

कोंबड्यांतही असतं का हो हे? मेव्हण्याची सिन्नरला पोल्ट्री आहे.

मज्जातंतू | मंगळवार, रात्री १०.२५

असतं, आणि फार मजेशीर. पिल्लू खड्यांतून दाणे वेचतं ते उजव्या डोळ्यानं बरं, आणि घारीवर लक्ष ठेवतं ते डाव्यानं. लेस्ली रॉजर्स यांनी १९८२ च्या आसपास यामागचं एक कारण शोधलं. अंड्यात पिल्लू मान वळवून असं बसलेलं असतं की उजवा डोळा कवचाकडे आणि डावा स्वतःच्या अंगाखाली झाकलेला. कवचातून झिरपणारा उजेड एकाच डोळ्याला मिळतो. अंडी पूर्ण अंधारात उबवली तर ही वाटणी पुसट होते. मेव्हण्यांचं इन्क्युबेटर बंद पेटी असणार, तेव्हा त्यांची पिल्लं या बाबतीत जरा समाजवादी असतील.

पक्षीवेडा_नांदूर | बुधवार, सकाळी ८.००

हा प्रतिसाद वाचून वाचनखूण साठवली. त्या मुलीसाठी एक सुचवतो. खायला न घालता मोजायचं असेल तर दुपारी जा, ऊन तापलं की टोळी सावलीत बसून एकमेकांच्या अंगातले किडे-कोंडा काढते. त्यात एक हात केस दुभागून धरतो, दुसऱ्याची दोन बोटं टिपतात. दोन्ही हातांना वेगळं काम, नळीसारखंच. दुर्बीण घ्या, पाच-सहा मीटर लांब बसा, पिशवी गाडीत.

मज्जातंतू | बुधवार, सकाळी ८.२०

उत्तम. भर घालतो: टोपीमाकडांवर म्हैसूरच्या मेवा सिंग यांच्या गटानं दहाएक वर्षांपूर्वी हेच पाहिलं आहे, मोकळ्या माकडांत. त्यांना हातांची कामवाटणी दिसली, नाजूक फिरवाफिरवीला एक हात, आणि ताकदीला, आधाराला दुसरा. वहीत म्हणून दोन रकाने करा, 'टिपणारा' आणि 'धरणारा'. आणि माकड कुठे टेकलंय तेही लिहा. कठड्याच्या डाव्या टोकाला बसलेल्याचा एक हात कठड्यातच अडकलेला असतो.

गोदाकाठचा_बाबा | पुढचा रविवार, रात्री ९.१५

धागा वर काढतोय. आज पुन्हा गेलो. मी, लेक आणि (स्वतःहून) आई.

पिशव्या गाडीत. गंगाद्वाराच्या अलीकडे झाडाखाली टोळी आयती बसलेली मिळाली. दीड तास. आईनं दुर्बीण धरली कारण लेकीला लिहायचं होतं. "टिपतंय. डावा. परत डावा. आता उठलं गं, नवीन लिही." तिसऱ्या माकडापर्यंत आईचा सूर क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखा झाला होता. एकदा तर 'थांब, हात झाकलाय, धरू नकोस' असंही म्हणाली.

ओळखू येतील अशी आठ माकडं झाली. लेकीनं नावं दिली: कानफाटी, दादा, नकटी, कुरळा, दोन काकू वगैरे. सलग एक बैठक म्हणजे एक नोंद, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. तीन डावी, दोन उजवी, तीन कधी हे कधी ते. दादाच्या बाबतीत गडबड, तो सारखा फांदीला टेकलेला, म्हणून त्याला 'कधी हे कधी ते'मध्ये टाकलंय. आठांवरून टोळीबद्दल काही बोलायचं नसतं, हे लेकीनं मला सांगितलं, मी तिला नाही.

शेपूट पाहिली. लांब. डोक्यावर टोपी. पक्षीवेडा, यावेळी फोटो शेपटीचाच काढलाय, तोंड फ्रेमबाहेर.

आईनं जेवताना काय केलं, असं विचाराल. 'अगं' म्हणाली. 'उजवा' म्हणाली नाही. मग कोशिंबीर वाढली.

एक प्रश्न डॉक्टरांना. आई विचारतेय (मी नाही): लहानपणीच वळण लावलं असतं तर बदललं असतं का?

मज्जातंतू | पुढचा रविवार, रात्री १०.००

आजींना नमस्कार. आणि नोंदी घेतल्याबद्दल दुसरा नमस्कार.

लिहिण्याचा हात बळानं बदलता येतो, पंचवटीची_पोर साक्षीला आहेत. कल बदलत नाही. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत पोटातली बाळं कुठला अंगठा चोखतात ते पाहिलं होतं. दहातली नऊ उजवा. ती मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर ७५ जणांना पुन्हा भेटले. उजवा अंगठा चोखणारी ६० होती, ती साठही उजवी निघाली. डावा चोखणारी १५, त्यातली १० डावी राहिली, ५ उजवी झाली. म्हणजे तुमच्या नातीचा बराचसा निकाल तिचं बारसं व्हायच्या आधीच लागलेला होता.

जाता जाता तिच्या वहीसाठी एक नवा रकाना. टोळीत पिल्लं असतील तर आई पिल्लाला कुठल्या बाजूला धरते ते बघा. ली सॉल्क नावाच्या मानसशास्त्रज्ञांना न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयात एक रीसस माकडीण दिसली. ४२ वेळा पाहिलं, त्यातल्या ४० वेळा पिल्लू डावीकडे, हृदयाशी. त्यावरून त्यांनी माणसांच्या आया पाहिल्या. उजव्या हाताच्या ८३ टक्के आणि डावऱ्या ७८ टक्के आया बाळाला डावीकडेच धरत होत्या. म्हणजे हाताशी त्याचा फारसा संबंध नाही. १९६० ची गोष्ट, अजूनही पाठ्यपुस्तकांत सांगतात.

गोदाकाठचा_बाबा | पुढचा रविवार, रात्री १०.१२

लेक अजून जागी आहे, तिला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, "बेचाळीस वेळा, पण माकडीण एकच ना?"